नटाला न बसणारा पाना

मी सोळा वर्षं मुसफ्फात गॅस विकला, पण भरलेला सिलिंडर एकदाही उचलला नाही. माझं काम टेबलाचं होतं. फोन घ्यायचा, पत्ता समजून घ्यायचा, कुठली पिकअप कुठे धाडायची ते ठरवायचं आणि ‘गॅस कधी येणार?’ या प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा ‘इन्शाल्ला, दहा मिनिटांत’ असं उत्तर द्यायचं. आमची वसईची माणसं अबू धाबीत बहुतेक हॉटेलांत नाहीतर थंडगार ऑफिसांत. माझा नवराही हॉटेलातच होता. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर सासूबाई ‘ती ऑफिसात आहे’ एवढंच सांगायच्या. गॅसचं नाव त्या कटाक्षानं टाळत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी मुलगी. ती अमेरिकेत एका पार्सल कंपनीत आहे आणि तिथे वाद चाललाय की डिलिव्हरीच्या ड्रायव्हरांना स्वसंरक्षणासाठी कामावर पिस्तूल बाळगू द्यावं की नाही. परवा फोनवर म्हणाली, “ममा, यू रॅन सिक्स ड्रायव्हर्स. जस्ट टेल मी, येस ऑर नो?” मी म्हटलं, नो. ती म्हणाली, “व्हाय?” कारण सांगायला पाऊण तास लागला असता आणि तिला मीटिंग होती. शिवाय त्या कारणातला एक भाग मी तिलाच काय, तिच्या वडिलांनाही कधी सांगितलेला नाही.

आधी धंदा समजावून सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मुसफ्फा म्हणजे अबू धाबीचा कारखान्यांचा भाग. वर्कशॉप, वेल्डिंगची दुकानं आणि त्यांच्यामागे कामगारांचे कॅम्प. आमची एजन्सी तिथेच, एका टायरवाल्याच्या शेजारी. सहा पिकअप, सहा ड्रायव्हर, मॅनेजर कुरियन सर आणि मी. पत्ता नावाची गोष्ट तिथे नव्हती. ‘मशिदीच्या मागे, निळं गेट, समोर मोडकी क्रेन’ हा पत्ता. मग एके दिवशी ती क्रेन कुणीतरी हलवायचं आणि आमचा ड्रायव्हर तासभर फिरत राहायचा. खलिफा सिटी तेव्हा नुकतीच उभी राहत होती. वाळूत एकेक व्हिला. तिथल्या एक बाई दर वेळी ड्रायव्हरला गेटवर थांबवून भरलेला सिलिंडर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला लावायच्या. काटा तीन वेळा मोडला. बिल आम्हालाच पाठवलं.

ड्रायव्हर म्हणजे नुसता गाडी चालवणारा नव्हे. भरलेला सिलिंडर किंचित कलता करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत न्यायचा, जुना काढायचा, नवा जोडायचा. गॅसच्या नटाचे आटे उलटे असतात. आपण घट्ट करायला जातो आणि तो सैल होतो, म्हणून हे काम घरच्यांनी करायचं नाही. त्यासाठी प्रत्येकाकडे वीतभर लांबीचा एक पाना असे. शेवटी साबणाचा फेस करून जोडावर लावायचा आणि उकिडवं बसून बघायचं. बुडबुडा आला की गॅस गळतोय. या बसून बघण्याला आमचे ड्रायव्हर ‘नमाज’ म्हणत. त्या वेळी तोंड सिलिंडरकडे आणि पाठ दाराकडे असते. ही पाठ लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. तिकडे दुपारी एक ते चार सगळं बंद असतं. उन्हाळ्यात तर मुसफ्फाच्या गल्ल्यांत कुत्रंही दिसत नाही. पण कॅम्पच्या स्वयंपाकघरांत संध्याकाळच्या जेवणाची तयारी दोनलाच सुरू होते, चाळीस-पन्नास माणसांची. त्यामुळे मुसफ्फा झोपलेलं असायचं तेव्हाच आमच्या पिकअप रस्त्यावर असायच्या, आणि ड्रायव्हरच्या कमरेच्या बॅगेत सकाळपासून जमलेले पैसे असायचे. हे आम्हाला माहीत होतं तसं इतरांनाही होतं.

हसनभाई आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. दापोलीकडचे, पन्नाशीला आलेले, किडकिडीत. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि एकटी असले की ‘बाय’. मासे कुठे ताजे मिळतात यावरून आमचे वाद व्हायचे. कामाला एकदम चोख. साबणाचा फेस लावून दोन मिनिटं बसणारा हा एकच माणूस. बाकीचे अर्ध्या मिनिटात उठत.

त्या जूनमध्ये भर दुपारी दोन वाजता एका वर्कशॉपच्या मागे दोघांनी त्यांना गाठलं. ते फेस लावून बसले होते. मागून लाकडी फळीचा फटका बसला, खांद्याचं हाड मोडलं, बॅग गेली. माणसं कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण हसनभाईंनी त्यांची तोंडं पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सगळे ड्रायव्हर जमले. पिकअप बाहेर काढायला कुणी तयार नव्हतं. गुलझमान नावाचा आमचा एक पठाण ड्रायव्हर होता, सहा फूट उंच आणि बोलायला सगळ्यांत पुढे. तो म्हणाला, “हमारे मुल्क में दूधवाला भी बंदूक लेकर निकलता है. कोई माई का लाल उसका दूध नहीं छीनता.”

कुरियन सर म्हणाले, “और दूध टाइम पे आता है क्या?”

सगळे हसले, गुलझमानसुद्धा. मग सरांनी आवाज चढवला. “सुनो. इधर बंदूक का नाम भी नहीं लेना. लायसन कौन देगा तुमको? गाडी में चाकू मिला, रॉड मिला, तो पहले जेल, फिर एअरपोर्ट. खलास.”

“तो हम मार खाए?” गुलझमानने विचारलं. सरांनी पिकअपच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि एकेक करून सगळ्यांनी त्या उचलल्या. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे असं मला पुढे वाटायला लागलं.

दीड महिन्यानं हसनभाई कामावर आले तेव्हा ते निराळेच होते. चार पावलं चालले की मागे वळून बघायचे. सकाळच्या फेऱ्या करत, पण दुपारी काहीतरी निमित्त काढून ऑफिसातच घुटमळत. एक आठवडा कुरियन सरांनी पाहिलं आणि मग मला म्हणाले, “दोपहर की फेरी नहीं होती तो बोल दो उसको. टिकट निकालता हूँ.” सर दुष्ट नव्हते. सहापैकी एक पिकअप दुपारभर उभी राहिली की आमचं गणित कोलमडायचं, एवढंच.

मी हसनभाईंना एकटं गाठून विचारलं, “गुलझमान म्हणतो तशी बंदूक असती तर बरं झालं असतं का हो?”

“बंदूक असती तरी काय केलं असतं, बाय? तो मागून आला. मागं मला डोळे नाहीत.” मग म्हणाले, “पण हातात काहीतरी असलं की निदान जायला पाय उचलेल.”

आता मी स्वतःला हुशार समजत असे. चाकू नको, रॉड नको, हे खरं, पण पाना? पाना हे तर आमचं रोजचं अवजार. पोलिसांनी गाडी तपासली तरी गॅसवाल्याकडे पाना असणारच. फक्त तो जरा मोठा असला म्हणजे झालं! मी शेजारच्या गल्लीतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गाडीसाठी? मी म्हटलं, मोठ्या. त्याने ट्रेलरच्या कामाचे पाने दाखवले. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आणि तोंड असं की आत मोसंबं बसेल. मी सहा घेतले. रजिस्टरमध्ये ‘टूल्स’ लिहिलं. कुरियन सरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पाने वाटले तेव्हा गुलझमानने आपला हातात तोलून विचारलं, “मॅडम, ये किस नट का है?”

“तुमच्या डोक्यातल्या नटाचा,” मी मराठीतच म्हटलं, आणि हसनभाईंनी त्याला त्याचा अर्थ सांगितला. ऑफिसात पुन्हा एकदा हशा झाला. त्याच दिवशी हसनभाई दुपारच्या फेरीला निघाले. मी खिडकीतून पाहिलं, पिकअप वळली आणि दिसेनाशी झाली. मला किती बरं वाटलं होतं ते सांगायला मला लाज वाटते, पण वाटलं होतं.

दोनेक महिने सुरळीत गेले. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. काही बारीकसारीक गोष्टी घडत होत्या, पण त्या जोडून पाहायची अक्कल मला नव्हती. खलिफा सिटीतल्या त्या वजनकाट्यावाल्या बाईंचा फोन आला, “युअर मॅन इज ॲट माय गेट विथ अ वेपन!” मी गोड आवाजात सांगितलं, वेपन नाही मॅडम, टूल. एका कॅम्पच्या सुपरवायझरची तक्रार आली की तुमचा माणूस हल्ली एका हातानेच सिलिंडर आणतो, फरशी फोडली. दुसऱ्या हातात काय असतं ते मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. आणि तिसरी तक्रार, जिच्याकडे मी मुळीच लक्ष दिलं नाही: हसनभाई आता लवकर उठतात. फेस लावला न लावला की निघाले. अहो, पाठ दाराकडे करून बसायचं कुणी? पूर्वी त्यांना दोन मिनिटं लागायची, कारण मागे काय आहे याचा ते विचारच करत नसत. आता पाना हातात होता, आणि तो हातात असल्यामुळेच मागून कुणीतरी येणार हे सतत डोक्यात होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ते एका कॅम्पच्या स्वयंपाकघरात सिलिंडर बदलून बाहेर पडले. वॉशर नीट बसला नव्हता. फेस लावून पाहिलं असतं तर लगेच कळलं असतं. ते पिकअपपर्यंत पोचतात तोच मागून धावत्या पावलांचा आवाज आला. कुणीतरी हात वर करून ओरडत येत होतं, हातात काहीतरी होतं, आणि भाषा त्यांना कळत नव्हती. हसनभाई वळले आणि वळता वळताच त्यांनी पाना मारला.

तो कॅम्पचा आचारी होता. मल्लेश, तेलंगणातला. हातात ओलं फडकं होतं, गळत्या जोडावर दाबून धरलेलं. गॅसचा वास आला म्हणून हा ड्रायव्हरला हाक मारायला धावला होता आणि घाईत आपल्या तेलुगूतच ओरडत होता.

तो खाली पडल्यावर फडक्याला येणारा गॅसचा वास हसनभाईंच्या नाकात गेला. मग त्यांनी जे केलं ते गॅसचं काम करणारा माणूसच करील. पडलेल्या माणसाला तसाच टाकून ते आधी आत धावले. चुली पेटायच्या होत्या. सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, आतल्या माणसांना हाकलून बाहेर काढलं. मग येऊन मल्लेशला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. तिथून त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावायला सांगितलं.

मला त्याच दुपारी पोलीस ठाण्यात बोलावलं ते कंपनीच्या वतीने. अधिकारी तरुण होता, उर्दू छान बोलायचा, वागायला सभ्य. मला खुर्ची दिली, चहा दिला. टेबलावर तो पाना एका पिशवीत ठेवलेला होता. हसनभाई समोर उभे.

“ये क्या है?” त्याने मला विचारलं.

“पाना है. काम का औजार.”

“गॅस का काम?”

“जी.”

त्याने मान डोलावली. मग शिपायाला काहीतरी सांगितलं आणि दोन मिनिटांत ठाण्याच्या चहाच्या खोलीतला सिलिंडर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आमच्याच एजन्सीचा होता. अधिकाऱ्याने पाना पिशवीतून काढून हसनभाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, “लगाओ.”

हसनभाईंनी तो नटाला लावला. पाना नटाभोवती सैल लोंबकळत राहिला. तो सगळीकडून फिरत होता, फक्त नट फिरत नव्हता. रागावून ओरडला असता तर बरं वाटलं असतं, असा तो अधिकारी शांत होता.

“किसने दिया?”

हसनभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, “मैंने खुद लिया, साहब. मार खाया था, इसलिए. मॅडम को इसमें का कुछ मालूम नहीं. वो ऑफिस में बैठती हैं.”

अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, “सही है?”

मुलगी तेव्हा सातवीत होती. नवऱ्याचं हॉटेल बंद पडायच्या बेतात होतं. मी खरं बोलले असते तर नोकरी गेली असती, कदाचित मीही आत गेले असते. हे सगळं खरं आहे आणि ते मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. मी म्हणाले, “जी.”

तिथून टॅक्सीने ऑफिसात आले. चार वाजून गेले होते, दुकानं उघडत होती. मी उरलेल्या पाचही ड्रायव्हरांना फोनवर परत बोलावलं आणि पाने माझ्या टेबलावर ठेवायला सांगितले. गुलझमान सगळ्यांत शेवटी आला. पाना ठेवला आणि म्हणाला, “बंदूक होती तो वो बावर्ची आज मर गया होता, मॅडम.” मला वाटलं होतं, तो काहीतरी टोचून बोलेल. पण तो फक्त आपलं मत बदलून, पिकअप घेऊन कामाला गेला. ते पाचही पाने मी भंगारवाल्याच्या ढिगात नेऊन टाकले, स्वतःच्या हातांनी. सोळा वर्षांत मी उचललेलं सगळ्यांत जड सामान तेच.

मल्लेश वाचला. डाव्या कानाने ऐकू येणं मात्र कायमचं गेलं. तिकडे जखमी माणसाने माफीच्या कागदावर अंगठा दिला तर शिक्षा पुष्कळ कमी होते, म्हणून तेलुगू येणारी एक नर्स बरोबर घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “मी पडलो तेव्हा शुद्धीवर होतो. तो आधी गॅस बंद करायला गेला ते मी पाहिलं. मीही तेच केलं असतं.” मग अंगठा देता देता त्याने विचारलं, “पण एवढं मोठं अवजार त्याच्याकडे कशाला?”

नर्सने प्रश्न हिंदीत करून सांगितला आणि माझ्याकडे पाहत थांबली. मी पुन्हा तेच सांगितलं, कामाचं आहे. त्याने मान डोलावून अंगठा उठवला.

हसनभाईंना तीन महिन्यांची कैद झाली आणि त्यानंतर कायमचं परत पाठवायचा हुकूम. बारा वर्षांची नोकरी तिथेच संपली. परत धाडण्याच्या आदल्या दिवशी त्यांचे कपडे आणि त्यांनी बायकोसाठी घेऊन ठेवलेली साडी द्यायला मी गेले. मधे काच, दोन्हीकडे फोन, दहा मिनिटं. ते अजून बारीक झाले होते, पण आता मागे वळून बघत नव्हते.

तीन महिने मी एक भाषण पाठ करत होते. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, स्वतःच्या बहिणीसाठी कुणी करणार नाही, माझ्या मुलीवर तुमचे उपकार आहेत, असलं बरंच काही. खरं सांगायचं तर त्यात मला रडताना थोडा अभिमानही वाटायचा, की या माणसाच्या मनात माझ्याबद्दल इतकी माया होती. मी बोलायला लागले. त्यांनी अर्ध्यातच हात वर केला.

“बाय, तुमच्यासाठी नाही केलं मी ते.”

मी फोन दुसऱ्या कानाला नेला.

“तुमचं नाव घेतलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी रजिस्टर बघितलं असतं. सहा पाने. मग पाच पिकअप थांबवल्या असत्या रस्त्यात, प्रत्येकात एक मिळाला असता. गुलझमानची चार पोरं आहेत. बाकीच्यांचंही तेच. मारलं मी एकट्याने, मग सगळे कशाला?” ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, फेरीचा हिशोब समजावून सांगावा तसे. “तुमचा विचार मला नंतर आला. कोठडीत.”

“काय विचार आला?”

“की तुम्ही ‘जी’ म्हणालात ते लगेच म्हणालात.”

त्यात राग नव्हता. मग त्यांनी मल्लेशच्या कानाची चौकशी केली, साडी कपड्यांत चुरगळू देऊ नका म्हणाले, आणि फोन जागेवर ठेवून उठले. दहा मिनिटांतली चार शिल्लक होती.